तोटीखालचं पाणी : विद्यार्थीकेंद्री शाळा म्हणजे नक्की काय?

उन्हाळा आला की सोलापूरच्या पेपरात एक बातमी ठरलेली असते. 'उजनी मायनसमध्ये'. मग उणे दहा टक्के, उणे वीस, उणे तीस. 2024 च्या उन्हाळ्यात तर धरण उणे पन्नासच्याही खाली गेलं होतं. मोठी माणसं चुकचुकतात आणि पान उलटतात. आमच्या सहावीच्या वर्गातल्या एका मुलानं मात्र ते कात्रण माझ्या टेबलावर आणून ठेवलं. "मॅडम, पाणी शून्याच्या खाली कसं जातं? शून्य म्हणजे संपलंच ना?" मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "उधारी असंल बे, पुढच्या पावसात फेडायची."

जून संपत आला होता आणि त्याच आठवड्यात मला पूर्णांक संख्या शिकवायच्या होत्या. टाचणवहीत सगळं तयार होतं: फळ्यावर संख्यारेषा काढणे, शून्याच्या डावीकडे ऋण संख्या दाखवणे, उदाहरणसंग्रह सोडवून घेणे. गेली कित्येक वर्षं मी ते तसंच करत आले होते आणि मुलंही निमूटपणे संख्यारेषा उतरवून घेत आली होती. त्या दिवशी टाचण बाजूला ठेवलं आणि पोरांना घेऊन व्हरांड्यात गेले.

व्हरांड्यात पाण्याचं स्टीलचं पिंप आहे. त्याची तोटी तळापासून चार बोटं वर. तोटीतून धार थांबली तरी खाली पाणी उरतंच, हे पोरांना चांगलं ठाऊक आहे, कारण दुपारच्या सुट्टीनंतर पिंप कलतं धरून एकमेकांचे पेले भरायचं काम तेच करतात. मी एवढंच विचारलं, "धरणाची तोटी कुठं असेल?" थोडी कुजबुज झाली. मग एक मुलगी म्हणाली, "म्हणजे शून्य तळाला नाही, तोटीला आहे."

सगळा धडा त्या एका वाक्यात आला होता. धरणातून नेहमीच्या मार्गानं जे पाणी सोडता येतं तो उपयुक्त साठा. त्याच्या खालचा तो मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती उपयुक्त साठ्याची. उजनीची एकूण क्षमता ढोबळमानानं 117 टीएमसी, त्यातला 63 च्या आसपास मृतसाठा आणि 54 च्या आसपास उपयुक्त. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,830 कोटी लिटर. मग हिशेब सुरू झाला. उणे पन्नास टक्के म्हणजे 54 चे निम्मे, 27 टीएमसी, तोटीखालून काढलं. 63 मधून 27 गेले, उरले 36. "उणे पन्नास, तरी छत्तीस?" पोरांचा विश्वास बसेना. म्हणून तीन वेळा वजाबाकी केली. कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर एकानं विचारलं की त्या छत्तीसमध्ये गाळ किती. मला सांगता आलं नाही, आणि तसं मी सांगितलं. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत मी "तो प्रश्न अभ्यासक्रमात नाही" म्हणून त्याला खाली बसवलं असतं. हा फरक माझ्यात आपोआप पडलेला नाही.

'विद्यार्थीकेंद्री शिक्षण' हा शब्द सरकारी कागदात इतका फिरलाय की त्याचा अर्थ झिजून गेलाय, म्हणून साध्या भाषेत सांगते. वर्गात विचार करण्याचं काम कोण करतंय, एवढंच बघायचं. शिक्षक विचार करतो, बोलतो, लिहितो आणि मुलं उतरवून घेतात, तेव्हा वर्गाचं केंद्र फळ्यापाशी असतं. मुलं अंदाज बांधतात, चुकतात, भांडतात, पडताळतात आणि शिक्षक त्यांच्या विचाराला वळण देतो, तेव्हा ते केंद्र बाकांकडे सरकतं. बाकं गोलात लावली की ओळीत, भिंती रंगवल्या की नाहीत, टॅब आहे की पाटी, याचा त्याच्याशी फार थोडा संबंध आहे.

हे खूळ नवीन किंवा परदेशातून आलेलं आहे असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. जॉन ड्यूई यांनी 1896 मध्ये शिकागोत प्रयोगशाळा-शाळा काढली हे खरंच. पण आपल्याकडे 1937 च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली: हातानं काम करता करता त्याच कामातून गणित, भाषा, विज्ञान. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं उठून जायचं, याहून विद्यार्थीकेंद्री काय असू शकतं?

आता तर हा कायदाही आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये झाला, 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याचं 29 वं कलम सांगतं की शिकणं कृतीतून, शोधातून, बालस्नेही पद्धतीनं व्हावं आणि मूल भीतीपासून मुक्त असावं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले, स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकण्यासाठी. शिक्षकांसाठी वर्षाला किमान 50 तासांचं प्रशिक्षण सुचवलं. कागदावर काही कमी नाही. अडतं ते पन्नास तास कसे घालवले जातात तिथं.

न बोलता शिकवा, यावर तीन तास भाषण

काही वर्षांपूर्वीचं एक प्रशिक्षण. ठिकाण सांगत नाही, कारण शिक्षकांपैकी प्रत्येकाला ते आपल्याच तालुक्यातलं वाटेल. विषय होता ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतः करून, अनुभवातून आपलं ज्ञान घडवतं हा विचार. हॉलमध्ये आम्ही ऐंशीजण, वर दोन पंखे, एक चालू. तज्ज्ञ मार्गदर्शकांनी पडद्यावर स्लाइड लावली: 'व्याख्यान पद्धत टाळा. गटकार्य घ्या.' आणि ती आम्हाला वाचून दाखवली. पुढची स्लाइडही वाचून दाखवली. तीन तास. शेजारच्या गुरुजींनी तेवढ्या वेळात केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शालेय पोषण आहाराची माहिती भरून टाकली. चहा, सह्या, ग्रुप फोटो.

मी त्या मार्गदर्शकांना दोष देत नाही. त्यांनाही कोणीतरी वरच्या हॉलमध्ये असंच वाचून दाखवलं होतं. राज्यावर प्रशिक्षण होतं, तिथून जिल्ह्यात, जिल्ह्यातून तालुक्यात, तालुक्यातून केंद्रात. कानगोष्टींचा खेळ आठवा. पहिल्यानं सांगितलेलं वाक्य दहाव्याच्या कानापर्यंत काय होऊन पोचतं! ऑनलाइन प्रशिक्षणाचंही फार वेगळं नाही. दीक्षा ॲपवर व्हिडिओ चालू, फोन चार्जिंगला आणि आम्ही भाकऱ्या थापतोय, हे मी केलेलं आहे. प्रमाणपत्र आलं, छापून फाइललाही लावलं.

शिक्षक ज्या पद्धतीनं शिकतो, त्याच पद्धतीनं शिकवतो. तो सोळा-सतरा वर्षं विद्यार्थी म्हणून फळ्याकडे बघत बसलेला असतो. ती सवय तीन दिवसांच्या शिबिरानं सुटत नाही. 1980 च्या दशकात अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी नेमकं हेच तपासलं. नुसतं सांगून, अगदी करून दाखवूनही, नवी पद्धत वर्गात फारशी उतरत नाही. शिक्षक परत आपल्या वर्गात गेल्यावर तिथं येऊन कोणी सोबत राहिलं, बघितलं, पुन्हा करून बघायला लावलं, तरच ती टिकते. पोहण्यावरचं व्याख्यान विहिरीच्या काठावर संपतं, तसं.

सोबत कोणी नसेल तर काय होतं तेही महाराष्ट्रानं पाहिलंय. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे शाळांच्या एका गटातल्या, शाळांनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले. राज्यभरातून शिक्षक गाड्या करून बघायला गेले. जून 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला आणि या भेटींना आणखी जोर आला. बघून आलेल्यांनी काय आणलं? बऱ्याच ठिकाणी ऑइलपेंटचे डबे. फरशीवर संख्यापट, भिंतीवर मुळाक्षरं, खांबांवर पाढे. वर्ग सुंदर दिसायला लागले. कुमठ्यातल्या बाई मुलांशी काय बोलत होत्या, चुकीचं उत्तर आलं की काय करत होत्या, ते फोटोत येत नाही. त्यामुळं तेवढं तिथंच राहिलं. आमच्याही शाळेच्या फरशीवर सापशिडी आहे. रंग उडालाय. तिच्यावर आम्ही खुर्च्या ठेवतो.

चादरीतले धागे

'जगाच्या शाळेत शिकणं' म्हटलं की सगळ्यांना सहल आठवते. मलाही तेच आठवलं होतं. आमची शाळा सोलापूर शहराच्या पूर्व भागात. निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू बोलतात, आई विड्या वळते नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला असते. मी विचार केला, चादर कारखाना दाखवू. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पन्नास मुलं नेली. लूमचा आवाज असा की माझं एक वाक्य कोणाला ऐकू गेलं नाही. मुलं रांगेत एका दारानं आत गेली, दुसऱ्या दारानं बाहेर आली. परत आल्यावर निबंध लिहायला दिला. पन्नास निबंधांत एकच पहिलं वाक्य: 'सोलापूर चादरीसाठी प्रसिद्ध आहे.' तेवढं तर ती न जाताही लिहू शकली असती.

दुसऱ्या वर्षी मी कारखान्याच्या आधी चादरीचा एक तुकडा वर्गात आणला. पुठ्ठ्यात एक इंचाची चौकट कापली, ती तुकड्यावर ठेवली आणि सुईच्या टोकानं धागे मोजायला सांगितले. उभे वेगळे, आडवे वेगळे. सहा गटांची सहा उत्तरं आली. मग भांडण. कोण चुकलं? परत मोजा. परत वेगळं. अखेर कोणीतरी म्हणालं, सगळ्यांची बेरीज करून सहानं भागू. सरासरीचा धडा अजून दोन महिन्यांनी होता. पूर्ण चादरीत किती धागे असतील याचा अंदाज निघाला, तेव्हा एका मुलाला ताणा जोडणाऱ्या आपल्या आजोबांचे डोळे का गेले हे कळलं. तो तसं म्हणाला. मी काही बोलले नाही.

आणि मग कारखान्यात गेलो. या वेळी मुलं एकेका लूमपाशी थांबत होती, कारण त्यांच्याकडे विचारायला काहीतरी होतं. चादरीवरची नक्षी ठरवणारे जेकार्डचे भोकाभोकांचे पत्ते एका मुलीला दिसले. भोक असेल तिथं धागा वर, नसेल तिथं खाली. फ्रान्सच्या जोसेफ जॅकार्ड यांनी 1804 च्या सुमारास हे यंत्र आणलं आणि पुढं संगणकाला सूचना द्यायलाही असेच भोकं पाडलेले पत्ते वापरले गेले. हे मी त्यांना तिथंच, ओरडून सांगितलं. ऐकू गेलं.

दोन भेटींत कारखाना तोच होता. दुसऱ्यांदा जायच्या आधी मुलांच्या डोक्यात प्रश्न होता आणि परत आल्यावर त्यांच्या हातात काहीतरी ताडून बघायला होतं. गड्ड्याच्या यात्रेतलं दुकान असो, बाजार समितीतला कांद्याचा लिलाव असो, मंगळवेढ्याची ज्वारी असो, प्रश्नाशिवाय गेलं तर ती सहलच.

इथं एक सावधगिरी सांगायला हवी, कारण ती शिबिरात कोणी सांगत नाही. विड्या वळणाऱ्या आईची मुलगी हजाराचा हिशेब पटकन करते. तिच्या या ज्ञानाला वर्गात मान मिळायला हवा. पण 'अनुभवातून शिक्षण' म्हणत तिला वर्गातही विड्यांचीच गणितं देत राहिलो, तर आपण तिला तंबाखूच्या सुपाकडेच परत पाठवतोय. घरचं जग हे दार आहे. त्यातून बाहेर पडायचं असतं. तिला उजनीचं गणित आलं पाहिजे आणि ज्या गोष्टीशी घरच्या कोणाचा कधी संबंध आला नाही तेही.

दुसरी गोष्ट, पाढे. पालकसभेत हमखास ऐकायला मिळतं, "मॅडम, तुम्ही पोरांना खेळवता, शिष्यवृत्तीचं काय?" त्यांची काळजी रास्त आहे. ज्याला 54 चे निम्मे काढता येत नाहीत, त्याला धरणाचं कोडं सुटणार नाही. 2006 मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघा संशोधकांनी रोखठोक मांडलं होतं की नवशिक्याला मार्गदर्शनाशिवाय नुसतं 'शोधा' म्हणून सोडलं तर तो गोंधळतो. मला ते पटतं. पाढे पाठच हवेत, वाचन अस्खलितच हवं, काही गोष्टी फळ्यावर सरळ सांगूनच टाकायच्या असतात. विद्यार्थीकेंद्री म्हणजे शिक्षकानं हात झटकणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी अशा एका तासाची तयारी करून बघावी. टाचणाला दहा मिनिटं लागत होती. धाग्यांच्या तासाला माझे दोन रविवार गेले.

आधी भाषा

सोलापूर जिल्ह्याचं नाव शिक्षणात जगभर गेलं ते 2020 मध्ये. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरचं बक्षीस, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटली. लोकांच्या लक्षात राहिलं बक्षीस आणि पुस्तकातले क्यूआर कोड. माझ्या मते त्या गोष्टीतला महत्त्वाचा भाग आधीचा आहे. तिथल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तकं त्या भाषेत नव्हती. डिसले गुरुजींनी आधी कन्नड शिकून घेतली आणि पुस्तकं त्या भाषेत आणली. कोड त्यानंतर आले.

आमच्या वर्गात पाण्याला चार शब्द आहेत. पाणी, नीळ्ळु, नीरु, पानी. मी बराच काळ 'वर्गात मराठीच बोला' म्हणत होते आणि गटकार्यात शांतता का असते हे मला कळत नव्हतं. मूल विचार घरच्या भाषेत करतं. तिथंच त्याला अडवलं तर ते गप्प बसतं आणि आपण त्याला 'मंद' म्हणतो. आता गटात वाटेल त्या भाषेत भांडा, निष्कर्ष मात्र मराठीत सांगा, असा नियम आहे. गोंगाट वाढला. पलीकडच्या वर्गातले सर दोनदा येऊन बघून गेले.

मूडु

मग शिक्षकानं हे शिकायचं कुठं? जपानमध्ये शंभरहून अधिक वर्षं एक साधी पद्धत चालत आलीय. चार-पाच शिक्षक मिळून एकच पाठ आखतात. एकजण तो खऱ्या वर्गात घेतो. बाकीचे मागं बसून शिक्षकाकडे न बघता मुलांकडे बघतात: कोण कुठं अडलं, कोणाचा चेहरा उजळला, कोण खिडकीबाहेर बघत होतं. नंतर सगळे बसून पाठ दुरुस्त करतात आणि दुसरा कोणीतरी तो पुन्हा घेतो. खर्च जवळजवळ शून्य. आपल्याकडे केंद्रात शिक्षण परिषद होतेच. तिथं सूचना वाचून दाखवण्याऐवजी हे करता येतं.

आम्ही चौघांनी ते एकदा करून बघितलं, आणि पहिला पाठ माझा होता. माझा गैरसमज होता की मी आता बऱ्यापैकी बदललेय. मागं बसलेल्या एका बाईंनी वहीत रेघा ओढल्या होत्या. मी तासात चौदा प्रश्न विचारले होते. त्यातल्या अकरांची उत्तरं मीच दिली होती.

मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासकाचं काम मला त्यानंतर कोणीतरी सांगितलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि तेच तीन सेकंद थांबलं तर मुलं लांब उत्तरं देतात, एरवी न बोलणारीही बोलतात, हे त्यांनी 1970 च्या दशकात दाखवून दिलं. तीन सेकंद काय अवघड, असं वाटेल. उभं राहून बघा. चाळीस जोडी डोळे तुमच्याकडे, वर्ग शांत, आणि जिभेवर उत्तर तयार. जीव गुदमरतो.

म्हणून मी मनात मोजायला लागले, आणि तेही तेलुगूत, म्हणजे जरा वेळ लागतो. ओकटी. रेंडु. मूडु. हे माझं गुपित आहे अशी माझी समजूत होती. परवा अपूर्णांकांवर प्रश्न विचारला आणि थांबले. कोणाचाच हात वर होईना. तिसऱ्या बाकावरची मुलगी माझ्या ओठांकडे टक लावून बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "मॅडम, मूडु झालं. पण थांबा जरा, मला येतंय."